माझा वाममार्ग

वाममार्गाला लागण्याचे योग माझ्या आयुष्यात फारच थोडे आले. एक तर बी. कॉम. झालेल्या माणसाला वाममार्ग परवडत नाही आणि दुसरे म्हणजे बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवावी लागते. सात रुपये कमी पडले म्हणून ज्याला रात्री साडेआठपर्यंत घरी जाता येत नाही, तो कसला डोंबलाचा वाममार्गाला लागतो! तरीसुद्धा वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी लागलो. तोही भल्या पहाटे पाच वाजता, एका बचत खातेदाराच्या संगतीने.

वाम म्हणजे मासा. हे आधीच सांगून टाकतो, कारण सौ.ला सांगायला मला उशीर झाला होता. फोनवर मी सहज म्हणालो, ''इथं सध्या मी वामाच्या नादी लागलोय.'' पलीकडे एवढी शांतता पसरली की नेटवर्क गेलं असं समजून मी तीनदा ''हॅलो'' केलं. मग आवाज आला, ''कोण ही?'' 'ही' नव्हे 'हा', आणि हा मासा आहे, असा खुलासा केल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. पण लगेच तो बाहेर काढून ती म्हणाली, ''म्हणजे तुम्ही मासे खायला लागलात?'' आमच्या घरात हा दुसरा अपराध पहिल्यापेक्षा फारसा लहान नाही.

त्याचं असं झालं. २०१६ च्या जूनमध्ये माझी बदली भीमेकाठच्या एका गावी झाली. गाव सोलापूर जिल्ह्यातलं. पंढरपूरच्या वरच्या अंगाला की खालच्या, हे सांगत नाही, कारण गोष्टीत पुढे एक ट्रॅक्टर येणार आहे. कुटुंब सोलापुरात आणि मी इथे. संध्याकाळी सहानंतर त्या गावात करण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. नदीवर जाऊन नुसतं बसणं, किंवा नदीवर न जाता नुसतं बसणं. मी पहिली पत्करली.

तिथे तात्या भेटले. तसे ते आमच्या शाखेत दर सोमवारी भेटतच. सत्तरीचा माणूस, अंगाने सुतळीसारखा. पन्नासा-शंभराच्या ओलसर नोटा आणून भरायचे. त्या नोटांना माशांचा असा दरवळ असे की आमचे रोखपाल त्या डाव्या हाताने मोजत. एकदा ते वैतागून म्हणाले, ''तात्या, जरा उन्हात घालून आणत जा हो नोटा!'' तात्या म्हणाले, ''वास गेला तर माझं पैसं कुठलं, हे मला कसं कळायचं, सायेब?'' नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आमच्या दारातल्या रांगेत सगळ्यांचे चेहरे उतरले होते. एकटे तात्या निर्धास्त होते. पाचशेची नोट त्यांच्याकडे कधी मुक्कामाला राहिलीच नव्हती.

तर हे तात्या रात्री नदीत एक लांब दोरी टाकून ठेवत. दोरीला ठरावीक अंतरावर गळ आणि गळाला गांडूळ. ''रात्रीच का?'' मी विचारलं. ''वाम दिसाचा निजतो, सायेब. रातच्याला कामावर जातो.'' आमच्याकडे याच्या उलट पद्धत आहे, निदान हजेरीपुस्तकात तरी. मला कुतूहल वाटलं आणि जानेवारीतल्या एका पहाटे मी त्यांच्याबरोबर दोरी ओढायला गेलो.

पहिला गळ रिकामा आला. दुसऱ्याला एक चिलापी. ही मूळची आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आणली आणि आता सगळीकडे स्वतःच्या बापाची नदी असल्यासारखी राहते. तिसऱ्याला मात्र काहीतरी लांबलचक वळवळत वर आलं आणि मी चार पावलं मागे सरकलो. साप! ''साप न्हवं, वाम ह्यो,'' तात्या म्हणाले. ''धरा की!''

आता धरा म्हटल्यावर धरलं पाहिजे. पुरुषाची जात, त्यातून बँकेचा माणूस. मी तो मासा दोरखंड धरावा तसा मुठीत गच्च धरला. मासा म्हणजे पुढे पळणारा प्राणी, अशी माझी शाळेपासूनची समजूत. हा पठ्ठ्या मागे सरकला! शेपटी माझ्या मनगटाभोवती गुंडाळून, पाठ कमानीसारखी करून तो उलटा निसटू लागला आणि त्याच क्षणी माझ्या तळव्यात कोणीतरी टाचण्यांची डबी उपडी केल्यासारखं झालं. मी ओरडलो. मासा पाण्यात. तात्या हसत नव्हते, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाले, ''इख न्हाई त्येला. राख लावून धरायचा असतोय. ऱ्हायलं सांगायचं.''

शाखेत पट्टी बांधून गेलो. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, ''काय झालं?'' म्हटलं, ''वाम लागला.'' ते म्हणाले, ''झंडू लावा.'' तेव्हापासून त्या शाखेत वामाबद्दल मी कोणाशी बोललो नाही. पुस्तकांशी बोललो.

एक खुलासा मुंबईकर वाचकांसाठी. तुमच्या बाजारात जो वाम मिळतो तो समुद्रातला, आणि तो खऱ्या सर्पमाशांच्या घराण्यातला. आमचा नदीतला वाम दिसायला तसाच लांब, पण घराणं अगदी वेगळं. नाव एक असलं म्हणून भाऊबंदकी ठरत नाही. आमच्या शाखेत तीन कुलकर्णी होते आणि तिघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. पण ते नात्यामुळे नव्हे, रजेमुळे.

या नदीतल्या वामाला शास्त्रात 'मास्टासेम्बेलस अर्माटस' म्हणतात. 'अर्माटस' म्हणजे सशस्त्र. पाठीवरच्या पराच्या पुढे सुटे-सुटे काटे असतात, बत्तीस ते चाळीस. एरवी पाठीला चिकटून मिटलेले, प्रसंग आला की ताठ. काट्यांचं टोक मागच्या बाजूला कललेलं, म्हणून मासा मागे सरकला की ते तळव्यात रुततात. माझा तळवा याला साक्षीदार आहे. अंगाचा रंग तपकिरी, त्यावर काळसर नागमोडी नक्षी, पोटाखालचे पर नाहीतच, आणि नाक तर असं की पाहत राहावं. पुढे लांब निघालेलं, मांसल, टोकाला तीन भाग. मधली सोंड आणि दोन्ही बाजूंना नाकपुड्यांच्या दोन इवल्या नळ्या. फार वाढला तर तीन फुटांच्या आसपास भरतो. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार, थायलंड असा त्याचा पसारा. आमच्या बँकेच्या शाखासुद्धा इतक्या नाहीत.

हे नाव १८०० साली ठेवलं लासेपेद नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी. या गृहस्थांची मला फार गंमत वाटते. मासे आणि सापांचे पंडित, वर संगीतकार, ऑपेरा रचणारे. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या कत्तली त्यांना पटल्या नाहीत, ते त्यांनी दाखवलंही, आणि मग जिवाची भीती निर्माण झाली तेव्हा पॅरिस सोडून दूर जाऊन राहिले. वादळ शमल्यावर परत आले आणि पुढे नेपोलियनच्या राज्यात मोठ्या पदावर चढले. थोडक्यात, वेळ बरी नसली की गाळात जायचं आणि रात्र झाली की बाहेर यायचं. वामाला नाव द्यायला याहून लायक माणूस मिळाला नसता.

वामाचा दिनक्रम वाचला आणि मला गलबलून आलं. नदीच्या तळाला वाळू, गोटे, खडक असतील तिथे हा राहतो. दिवसा वाळूत शिरतो, सगळं अंग पुरून घेतो आणि फक्त नाकाचं टोक बाहेर ठेवतो. वास घेत असतो. रात्री उठून तळावरच्या किड्यांच्या अळ्या आणि गांडुळं वेचतो. कोणी डिवचल्याशिवाय तळ सोडत नाही. वामकुक्षी हा शब्द डाव्या कुशीवरून आला, हे मलाही ठाऊक आहे. पण मला विचाराल तर तो या माशावरूनच यायला हवा होता. आणि हा दिनक्रम मी कुठेतरी पाहिला होता. टेबलावर फायलींचा ढीग, ढिगात सबंध माणूस पुरलेला, बाहेर फक्त नाक. साहेब केबिनमधून निघाले की वासावरून कळतं. काटे आहेत, पाठीतच आहेत, पण ते मिटलेले. प्रमोशन मिळालं की ते गळून पडतात असं म्हणतात. मला अनुभव नाही.

वामाला वाळू म्हणजे काय, हे मला पुण्यात माझ्या मेव्हण्याच्या दिवाणखान्यात कळलं. त्याने काचपेटीत एक लहानसा वाम आणून ठेवला होता. पेटीच्या तळाला निळे-गुलाबी काचेचे खडे, मध्ये बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, मागे समुद्राचं चित्र. वामाने पहिल्या दिवशी नाक खड्यांत खुपसून पाहिलं. आत जाता येईना. मग तो चारही कोपरे हुंगत फिरू लागला, भाड्याची खोली पाहायला आलेल्या माणसासारखा. चौथ्या रात्री झाकणाला वायरसाठी ठेवलेल्या फटीतून तो निघून गेला. सकाळी सोफ्याच्या मागे सापडला. मेव्हणा म्हणाला, ''अन्न सगळं वेळेवर देत होतो रे.'' अन्न होतं. अंथरूण नव्हतं.

आता अंथरुणाची गोष्ट. भीमेकाठच्या माणसाला वाळूचं महत्त्व सांगायला नको. पंढरपुरात याच भीमेला चंद्रभागा म्हणतात आणि तिच्या पात्रातल्या वाळूला वाळवंट. वारकरी शेकडो वर्षं त्या वाळवंटात कीर्तनाला उभे राहत आले. वर माणसं नाचतात, खाली पाण्यातल्या वाळूत वाम झोपतो; एकाच गादीचे दोन वापर. तात्या सांगत, त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात पात्र आटलं तरी वाळूत हातभर खड्डा केला की नितळ पाणी लागायचं. वाळूच्या पोटात पाणी राहतं, काठच्या विहिरींना त्यातूनच पाझर मिळतो. म्हणजे ही वाळू नदीची मुदत ठेवच. तीवर कोणी व्याज देत नाही, पण अडचणीला उपयोगी पडते.

आणि मुदत ठेव मुदतीआधी मोडणारे लोक मी रोज पाहतो.

२०१२ साली आम्ही सोलापुरात घर बांधायला काढलं. बँकेचंच कर्ज, बँकेचाच व्याजदर, आणि कंत्राटदार मात्र स्वयंभू. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की पाच हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यातून वाळू-मुरूम काढायचा असला तरी पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागेल. मी पेपर वाचून कंत्राटदाराला काळजीने विचारलं, ''आता आपल्या वाळूचं कसं?'' तो म्हणाला, ''काही नाही साहेब. आता ती रात्री येईल.'' आणि खरोखरच रात्री येऊ लागली. अडीच वाजता ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज, फळकं आपटल्याचा आवाज, आणि सकाळी दारात ओलीकंच वाळू. सौ. म्हणाली, ''छान, बारीक आहे हो.'' एकूण बारा ब्रास लागली. शंभर घनफुटांचा एक ब्रास. हिशेब माझ्याकडे अजून आहे. तेव्हा वाम मला माहीत नव्हता. नाहीतर वाळू आणि वाम दोघेही रात्रीचेच बाहेर पडतात, हे साम्य माझ्या लक्षात आलं असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली एक अहवाल काढला. जगात माणूस दर वर्षी सुमारे पाच हजार कोटी टन वाळू आणि खडी वापरतो. पाण्याच्या खालोखाल सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू हीच. मी कारकुनी सवयीने भागाकार केला. माणशी दिवसाला सतरा किलो येतात. आमच्या घरात आम्ही तिघं, म्हणजे रोजची एक्कावन्न किलो. सौ.ला सांगितलं, तर ती म्हणाली, ''मला मेलीला महिन्याला पाच किलो गहू आणायला चार वेळा आठवण करावी लागते तुम्हाला!''

बरं, आता ट्रॅक्टर.

२०१८ साली तात्या सोमवार नसताना शाखेत आले. बरोबर मधला मुलगा. ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी कर्ज हवं होतं. अर्ज भरायचं काम माझ्याकडे. कारण: शेतीकाम. जमीन: एक एकर, त्यातही निम्मी खडकाळ. एक एकराला ट्रॅक्टर म्हणजे तुळशीवृंदावनाला नांगर. तो कशासाठी हवा होता हे मला ठाऊक होतं, मुलाला ठाऊक होतं, आमच्या शिपायालाही ठाऊक होतं. एकट्या अर्जाला ठाऊक नव्हतं. मुलगा झेरॉक्स काढायला बाहेर गेला, तेव्हा मी हळूच म्हणालो, ''तात्या, तुम्ही जामीन राहताय. ट्रॉली नदीत उतरली, तर वामाचं काय हो?''

तात्या बराच वेळ पासबुकाचं पान चाळत होते. मग म्हणाले, ''वाम ऱ्हायला असता तर ट्रॉली कशाला आली असती, सायेब? पोरगं दोन सालं बसलं की माज्यासंगं दोरी घिऊन. काय लागतंय गळाला? वरनं धरणाचं पाणी सोडतील तवा नदी. एरवी घाण. पल्याडच्या गावानं तळ खरवडून न्हेला, आता खाली नुस्ता चिखूल आन् दगूड. वाम गेला, मंग पोरगं गेलं.''

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोपर्यंत मी हिशेब सोपा मांडला होता: ट्रॉली जमेला, वाम नावे. प्रत्यक्षात वाम आधीच कोणीतरी उचलून नेला होता आणि म्हाताऱ्याच्या घरात फक्त हप्ता यायचा राहिला होता.

मी काय केलं? वीरश्री दाखवली. अर्जाच्या समासात लिहिलं, 'उत्पन्नाचा मार्ग स्पष्ट व्हावा.' पेन्सिलने. मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. ''पेन्सिलने का लिहिलंत?'' मी म्हटलं, ''खोडता यावं म्हणून.'' ''मग खोडा,'' ते म्हणाले आणि रबरही त्यांनीच दिला. आमचे काटे हे असे. ताठ होतात, पण पेन्सिलचे.

कर्ज मंजूर झालं. सांगायला वाईट वाटतं, पण त्या काळात आमच्या शाखेत इतकं नियमित खातं दुसरं नव्हतं. हप्ता तारखेच्या आधी जमा. नोटा पाचशेच्या, कोरड्या, वासाशिवाय. रोखपाल खूश होते. तात्यांच्या बचत खात्यात मात्र सोमवारची नोंद विरळ होत गेली. एका पानावर दोन, मग एक, मग नुसतं व्याज.

वामावर संकट आलं आहे का, असं विचाराल तर जगाचा हिशेब उत्तम आहे. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत या माशाची नोंद 'काळजीचं कारण फारसं नाही' अशा वर्गात आहे. खोटं नाही ते. आमच्या बँकेचा ताळेबंदही दर वर्षी नफ्यातच असतो. मुख्य कार्यालय नफ्यात, म्हणून आमच्या शाखेचं गळणारं छप्पर गळायचं थांबत नाही, एवढंच. आणि २०२३ साली सरकारने वाळूचा दर जाहीर केला, ६०० रुपये ब्रास. वाचून मला बरं वाटलं. वामाच्या घराला निदान सरकारी भाव तरी आला.

२०१९ मध्ये माझी बदली परत सोलापूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी तात्यांनी जेवायला बोलावलं. मासे मी तोपर्यंत दोन-तीनदा चाखले होते, सौ.ला कबूल केला होता तो एकदाच. ताटात रस्सा आणि वामाचे चार तुकडे. मधला काटा सोडला तर या माशात बोचायला काही नसतं, सगळी शस्त्रं बाहेरच्या बाजूला. मी म्हटलं, ''तात्या, मिळाला की वाम!'' ते म्हणाले, ''तीन राती बसलो तवा ह्यो येक गावला. खावा.'' त्यांच्या ताटात पिठलं होतं. मुलाच्या ताटातही पिठलं. मी चारही तुकडे खाल्ले, कारण तीन रात्रींचा मासा परत करता येत नाही. बाहेर अंगणात ट्रॉली उभी होती, फळक्याच्या फटीत ओली वाळू अडकलेली.

हल्ली आमच्या हॉलच्या भिंतीचा गिलावा एका कोपऱ्यात सुटलाय. हात लावला की वाळू भुरभुर खाली पडते. सौ. रोज सकाळी ती केरात भरते आणि रोज म्हणते, ''अहो, गवंड्याला बोलवा.'' मी हो म्हणतो आणि विसरतो. रविवारी दुपारी जेवण झालं की त्याच कोपऱ्यात दिवाण ओढून, भिंतीकडे तोंड करून मी पडतो. डाव्या कुशीवर. बारा ब्रास वाळूत अंग पुरून, नाक तेवढं बाहेर ठेवून. झोप उत्तम लागते. लागणारच, अंथरूण कोणाचं आहे!